पोटमाळ्यावरचं सामान जातं कुठे?

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा आईची खोली महिन्याभरात रिकामी करायची होती. खोली १८० चौरस फुटांची, पण वर पोटमाळा. त्यावर किती मावतं हे चाळीत वाढलेल्यांना वेगळं सांगायला नको. तांब्याचा बंब, दोन कापसाच्या गाद्या आणि एक फोमची, बंद पडलेला जाडजूड टीव्ही, बाबांच्या आजारपणातला वॉकर आणि पिशवीभर औषधं, कुंकवाचे डाग पडलेल्या देवांच्या तसबिरी, आणि खाली कोपऱ्यात १९९० च्या आसपास घेतलेला फ्रिज.

फ्रिज भंगारवाल्याला दिला. भाव ठरला, तो आणि त्याचा मुलगा फ्रिज उचलून निघाले. जिन्याच्या वळणावर तो जड झाला म्हणून त्यांनी आडवा केला आणि मागची बारीक तांब्याची नळी पक्कडीने कापली. स्स्स करत अर्धा मिनिट आवाज येत राहिला.

"मामा, हे काय केलंत?"

"गॅस सोडला, ताई. गॅसचे पैसे कोण देतो?"

त्याचं बरोबर होतं. गॅसला भाव नाही, तांब्याला आहे. पण तो गॅस काय होता ते मी नंतर वाचलं आणि फार वाईट वाटलं. त्या काळच्या घरगुती फ्रिजमध्ये आर-१२ नावाचा वायू असायचा. ओझोनचा थर विरळ करणाऱ्या वायूंपैकी तो एक. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानं जगानं हे वायू बंद करायचं ठरवलं, आपल्याकडेही ते थांबले. ओझोनचं नुकसान तर झालंच, शिवाय उष्णता अडवून धरण्यात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट. फ्रिजमध्ये तो असतो शंभर-दीडशे ग्रॅम. हिशेब केला तर आमच्या जिन्यात अर्ध्या मिनिटात टनभर कार्बन डायऑक्साइडइतकं नुकसान झालं, आणि कुणाला साधा वाससुद्धा आला नाही. आताच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. त्यानं ओझोनला धक्का लागत नाही, पण तो पेट घेतो. म्हणजे नळी कापणाऱ्याच्या तोंडात विडी असेल तर धोका थेट त्याच्या जिवाला.

तेव्हापासून नको असलेली वस्तू हातात आली की मी आधी बघते, ती अजून चालते का. चालत असेल तर ती कचरा नाहीच, तिला दुसरं घर शोधायचं. चालत नसेल तर दोन प्रश्न: हिच्यातल्या मालाला भाव आहे का? आणि हिच्यात विष आहे का? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की वस्तू कुणाकडे द्यायची ते जवळजवळ ठरतंच. भाव आहे आणि विष नाही, अशा वस्तूला भंगारवाल्याइतका चांगला माणूस नाही. विष आहे पण भाव नाही, ती वस्तू कुणी उचलत नाही, ती गुपचूप डब्यात जाते. दोन्ही नाही, नुसती जागा अडवते, ती रात्री नाल्याकाठी जाऊन पडते. आणि सगळ्यात घोळाची ती, जिच्यात भावही आहे आणि विषही. भाव दिसतो म्हणून ती पटकन विकली जाते, आणि विष मागे कुणाच्या तरी वस्तीत राहतं.

डब्यात टाकलेलं कुठे जातं, हेही एकदा डोळ्यांसमोर आणलं पाहिजे. मुंबईचा रोजचा कचरा साडेसहा हजार टनांच्या आसपास. त्यातला बहुतेक कांजूरमार्गला जातो, काही देवनारला. देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय. शंभर वर्षांचा डोंगर. आत कुजणाऱ्या ओल्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेटतो. जानेवारी २०१६ मधली आग ज्यांनी पाहिली त्यांना चेंबूर-गोवंडीवरचा धूर आठवत असेल. महापालिकेला काही शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात, आणि कचरा वेचणाऱ्या बायका त्यात हात घालतात. आपण डब्यात काय टाकतो याचा त्यांच्या हातांशी थेट संबंध आहे. फुटलेली बरणी नुसती टाकू नका. वर्तमानपत्राच्या चार घड्यांत गुंडाळा, दोरा बांधा, वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची पद्धत पुण्याच्या कचरावेचक बायकांच्या 'स्वच्छ' संस्थेनं रुजवली. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, इतकं सोपं. मुंबईत महापालिकेनं २०२५ मध्ये पॅड, डायपर, मुदत संपलेली औषधं असा कचरा वेगळा उचलायची सेवा सुरू केली आहे. मात्र त्यासाठी सोसायटीनं आधी नोंदणी करावी लागते. तुमच्या सेक्रेटरींना विचारा, झाली आहे का.

आता भंगार. या धंद्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मुंबईत रद्दी, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, कडक प्लास्टिक यांतलं किती तरी वाया जात नाही ते कुठल्या सरकारी योजनेमुळे नाही, गल्लीतल्या त्या तागडीमुळे. रद्दीवाल्याकडचा कागद मोठ्या गोदामात जातो, तिथून वापीसारख्या ठिकाणच्या कागद गिरण्यांत. प्लास्टिकचं बरंच काम धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये होतं. तिथे डबे, बादल्या, खुर्च्या प्रकाराप्रमाणे आणि रंगाप्रमाणे वेगळ्या होतात, तुकडे होतात, धुऊन पत्र्यांवर वाळतात, आणि शेवटी त्यांचा दाणा होतो. त्या दाण्यातून पुन्हा बादली. जुन्या तांब्या-पितळेची तर रीतच आहे. भांड्यांच्या दुकानात मोड द्यायची आणि वजनाप्रमाणे पैसे किंवा नवं भांडं घ्यायचं. आमचा बंब असाच गेला.

पण ही साखळी एका अटीवर चालते: माल स्वच्छ आणि वेगळा हवा. वरणाचं पाणी लागलेल्या पुठ्ठ्याला कुणी भाव देत नाही. दुधाची पिशवी विसळून, उलटी टांगून वाळवली की ती माल होते. खरकट्यात पडली की कचरा होते. 'ओला-सुका वेगळा करा' असं आपण इतकी वर्षं ऐकतो, त्याच्यामागे एवढंच साधं अर्थशास्त्र आहे. स्त्री मुक्ती संघटनेनं १९९८ मध्ये मुंबईत कचरा वेचणाऱ्या बायकांसोबत 'परिसर विकास'चं काम सुरू केलं. वेगळा केलेला सुका कचरा हातात आला की त्या बाईची कमाई वाढते आणि तिचं डोंगरावरचं उकिरडा उपसणं कमी होतं.

कपड्यांचं पण तसंच. बोहारीण दारात बसायची तेव्हा ती साडी उजेडाकडे धरून बघायची, विरलेली जागा बोटानं चाचपायची, पॅंटची शिवण ओढून बघायची आणि मग स्टीलचं पातेलं पुढे सरकवायची. तिच्याकडचे चांगले कपडे दुरुस्त होऊन जुन्या बाजारात विकले जातात, फाटक्यांच्या चिंध्या गॅरेज आणि कारखान्यांत पुसायला जातात. लोकरीचे जुने कपडे पानिपतला जातात, तिथे त्यांचा पुन्हा धागा निघतो. दान करायचे असतील तर मात्र एकच कसोटी: हा कपडा मी धुऊन, इस्त्री करून माझ्या भाचीला देईन का? पूर आला की मदत म्हणून फाटके ब्लाउज आणि बिनबटणांचे शर्ट पाठवणारे लोक मदत करत नाहीत, आपला कचरा तिथल्या लोकांच्या गळ्यात बांधतात. मऊ सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या, उरलेली फडकी घरातच लागतात.

बाबांचा वॉकर आणि कमोडची खुर्ची रुग्णोपयोगी साहित्य केंद्रात दिली. अशी केंद्रं मुंबईत बऱ्याच भागांत आहेत, अनामत घेऊन रुग्णाला वस्तू वापरायला देतात. परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरगावचे किती रुग्ण येतात ते आम्ही रोज पाहत होतो. त्यांच्यासाठी खुर्चीची किंमत काय, ते भंगाराच्या तागडीवर कळत नाही.

औषधांच्या पिशवीनं मात्र मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला. आई म्हणाली, संडासात ओत आणि पाणी सोड. आपल्यातले बहुतेक हेच करतात. पण सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हे घाण आणि जंतू कमी करायला बांधलेलं असतं, विरघळलेली गोळी पकडायला नाही. ती पुढे खाडीत आणि समुद्रात जाते. प्रतिजैविकं अशी थोडी थोडी पाण्यात मिसळत राहिली की तिथल्या जंतूंना त्यांची सवय होते, आणि मग तीच औषधं माणसावर चालेनाशी होतात. म्हणून साधा नियम: औषध पाण्यात नाही. मुदत संपलेली औषधं वेगळ्या पाकिटात, गोळ्यांच्या पट्ट्या कात्रीनं कापून, म्हणजे कुणी त्या पुन्हा विकू नयेत, आणि ते पाकीट महापालिकेच्या त्या वेगळा कचरा उचलणाऱ्या गाडीत. न उघडलेली, मुदत असलेली औषधं काही धर्मादाय दवाखाने घेतात, आधी फोन करून विचारावं.

या नियमाला एक अपवाद आहे, तो नीट समजून घ्या. फेंटॅनिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल अशा १७ औषधांची यादी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेनं २०२५ मध्ये दिली. ती घरात उरली तर ठेवू नका, सरळ फ्लश करा, असं ती संघटना सांगते. कारण असं: ही तीव्र वेदनेची किंवा नशा येऊ शकणारी औषधं. दुसऱ्या कुणी, विशेषतः लहान मुलानं, चुकून एकच मात्रा घेतली तरी जीव जाऊ शकतो. तिथे पाण्यापेक्षा माणसाचा धोका मोठा. कॅन्सरच्या रुग्णाची सेवा केलेल्या घरांत अशा गोळ्यांच्या पट्ट्या आणि अंगाला लावायच्या औषधी चिकटपट्ट्या उरतात. रुग्ण गेल्यावर महिनोन्‌महिने त्या कपाटाला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही, हे मला माहीत आहे. तरी त्या आठवड्याभरात बाहेर काढा. कुठली औषधं या यादीतली आहेत ते डॉक्टरांना किंवा केमिस्टला विचारून घ्या.

ताप बघायच्या जुन्या थर्मामीटरमध्ये आणि रक्तदाबाच्या उभ्या यंत्रात पारा असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्येही तो काही मिलिग्रॅम असतो. एलईडीत नसतो. पारा फुटून सांडला तर झाडू अजिबात लावू नका. त्याचे आणखी बारीक मणी होतात, फटींत जातात आणि वाफ होत राहते, ती वाफच घातक. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, मुलांना बाहेर पाठवा. दोन जाड कार्डांनी मणी एकत्र करा, राहिलेले चिकटपट्टीनं टिपा आणि सगळं काचेच्या घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करा. रंगाचे उरलेले डबे, थिनर, झुरळांची औषधं हीसुद्धा घातक कचऱ्यातच, मोरीत ओतायची नाहीत. अशा वस्तू तुमच्या वॉर्डात कुठे घेतात ते महापालिकेच्या १९१६ या क्रमांकावर किंवा वॉर्ड कार्यालयाच्या घनकचरा विभागात विचारता येतं.

आता तो जाडजूड टीव्ही. त्याच्या पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, एकेका ट्यूबमध्ये किलोभराहून जास्त असू शकतं. मानेभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. उघड्यावर टीव्ही फोडला जातो तो त्या वेटोळ्यासाठी. तांबं गेलं, आणि शिशाची काच तिथेच मातीत. वायरींचं तसंच: तांबं पटकन सुटावं म्हणून वरचं पीव्हीसी जाळतात आणि त्याच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषं असतात. छापील सर्किटांतला धातू काढायला ॲसिड वापरतात, उरलेलं ॲसिड गटारात. हे करणारा माणूस बिनमोज्यांच्या हातांनी करतो, आणि दिवसाकाठी त्याच्या पदरात फार पडत नाही.

यावर कायद्यानं जो उपाय काढलाय तो समजायला सोपा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत कंपनीवर जबाबदारी टाकली आहे. तिनं जो माल बाजारात आणला त्याच्या ठरावीक भागाइतका जुना माल रीतसर रिसायकल झाल्याचं प्रमाणपत्र तिला दाखवावं लागतं, आणि ते प्रमाणपत्र नोंदणी असलेल्या रिसायकलरकडूनच मिळतं. म्हणजे तुमचा फ्रिज, टीव्ही, मिक्सर, चार्जर त्यांना हवाच असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत नोंदणीकृत रिसायकलर सापडतात, बहुतेक कंपन्यांच्या वेबसाइटवरही जुना माल परत घेण्याची माहिती असते. एक्स्चेंजमध्ये फ्रिज दिला की आपण सुटलो असं मात्र धरू नका. दुकानदाराला सरळ विचारा, हा पुढे कुणाकडे जातो? उत्तर देताना तो चाचरला तर काय समजायचं ते समजा. रिसायकलर भंगारवाल्यापेक्षा कमी पैसे देईल, कधी काहीच देणार नाही. त्या फरकाच्या पैशात फ्रिजमधला तो वायू नळकांड्यात काढून घेतला जातो, म्हणून मला ते पटतं.

इन्व्हर्टरची बॅटरी बघा, तिथे ही रीत आधीपासूनच रुळलीय. नवी घेताना जुनी परत दिली की किंमत कमी होते, म्हणून शिशाची बॅटरी सहसा कचऱ्यात सापडत नाही. मोबाइल आणि पॉवर बँकच्या लिथियम बॅटरीला तसा आधार नाही. ती कचऱ्याच्या गाडीत गेली, आतल्या दाबयंत्राखाली चिरडली, की पेटते. फुगलेली बॅटरी टोचू नका, चार्ज करू नका. टोकांना चिकटपट्टी लावून कोरड्या, मोकळ्या जागी ठेवा आणि लवकरात लवकर ई-कचऱ्यात द्या. फोन देण्याआधी आपल्या खात्यांतून बाहेर पडा, मग फॅक्टरी रीसेट करा. सिम आणि मेमरी कार्ड काढायला लोक हमखास विसरतात. नुसते फोटो डिलीट केल्यानं ते जात नाहीत, फक्त यादीतून नाव पुसलं जातं.

गॅसचा जादा सिलिंडर पडून असेल तर तो भंगारात अजिबात नाही. एजन्सीत परत करायचा, पावती असेल तर अनामत मिळते.

राहिलं ते जागा अडवणारं सामान. कापसाच्या गाद्या गादीवाल्यानं पिंजून पुन्हा भरून दिल्या, आईच्या नव्या पलंगावर त्याच आहेत. फोमची गादी मात्र पिंजता येत नाही, तिला भाव नाही, म्हणून ती नाल्यात जाते. दरवर्षी पावसाळ्याआधी नालेसफाईत गाद्या, सोफे निघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री पाण्यातून चालत घरी आलेल्या माणसाला तुंबलेला नाला म्हणजे काय ते पाठ आहे. गादी, सोफा असं मोठं सामान उचलायला १९१६ वर किंवा वॉर्डात कळवा आणि ठरलेल्या दिवसापर्यंत घरातच ठेवा. फरश्या, विटा, तोडफोडीचा राडारोडा यासाठी महापालिकेची फोन केल्यावर येणारी वेगळी सेवा आहे, ५०० किलोपर्यंत विनामूल्य. तो दहिसर आणि शिळफाट्याच्या प्रकल्पांत दळला जातो.

लाकडाचं आणखी एक आहे. सागवानी कपाट जुन्या फर्निचरवाल्याकडे जातं, त्याला मागणी आहे. प्लायवूड, सनमायका, पॉलिश मारलेले तुकडे सरपण म्हणून विकले जातात, आणि मुंबईत ते बेकऱ्यांच्या भट्ट्यांत जळत आले आहेत. त्या धुराबद्दलच जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर यायला सांगितलं. रंग दिलेलं लाकूड कुणी 'जाळायला द्या' म्हणून मागितलं तर देऊ नका.

तसबिरी पिंपळाखाली ठेवायला आई तयार नव्हती. तिथे त्या पावसात भिजतात, काच फुटते, कुणाच्या तरी पायात जाते, ते तिला बघवत नाही. तिनं प्रत्येकीला हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. उत्तरपूजा झाली की गणपतीच्या मूर्तीतलं देवत्व गेलं असं आपण मानतोच, तसंच हे, म्हणाली. मग आम्ही चौकटी उघडल्या. काच वेगळी, लाकूड वेगळं, मागचा पत्रा वेगळा. चित्रं बादलीत भिजवली, दुसऱ्या दिवशी लगदा झाला.

सध्या मी भांडुपला ज्या सोसायटीत राहते तिथे वर्षातून दोनदा सगळ्यांचा ई-कचरा एकत्र करतो. एका घराच्या चार्जरसाठी रिसायकलरची गाडी येत नाही, तीस घरांचा ढीग असला की येते. वॉचमनच्या केबिनमागे पत्र्याची पेटी ठेवलीय, तिच्यावर सुट्टे बल्ब आणि बॅटऱ्या आत टाकू नका असं लिहिलंय. बॅटऱ्यांना वेगळी बरणी. ट्यूबलाइट वाटेत फुटतात ही पहिल्या वेळची मोठी अडचण होती. आता नवी ट्यूब आणली की तिच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जुनी सरकवायची आणि खोकं केबिनमागे उभं करून ठेवायचं, असं सगळ्यांना सांगितलं आहे.